अरे, आवाज कुणाचा?

कॅफेतलं मंद गाणं, क्लिनिकमध्ये पुकारला जाणारा नंबर, प्लॅटफॉर्मवरची अनाउन्समेंट... आपला अख्खा दिवस कुठल्या ना कुठल्या स्पीकरखाली जातो. त्या स्पीकरच्या मागे कुठेतरी एक चपटा डबा बसलेला असतो. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात सध्या जो तो कॅफे, जिम, क्लिनिक नाहीतर हॉल काढतोय. यातल्या प्रत्येकाला आज ना उद्या हा डबा घ्यावाच लागतो. तो घेताना काय बघायचं, बसवताना काय सांभाळायचं आणि तो चुकला तर काय होतं?

बदलापूर ते सीएसएमटी म्हणजे साधारण ६८ किलोमीटर. हा प्रवास रोज करणाऱ्यांनी एक दिवस गंमत म्हणून मोजून बघावं, की सकाळपासून रात्रीपर्यंत किती अनोळखी आवाज आपल्याशी बोलतात. सकाळी प्लॅटफॉर्मवर गाडी किती डब्यांची आहे ते सांगणारा. ऑफिसच्या लॉबीत ‘अमुक नंबरच्या गाडीच्या मालकांनी पार्किंगमध्ये यावं’ म्हणणारा. संध्याकाळी जिममध्ये धडाधड वाजणारा, शनिवारी दाताच्या डॉक्टरकडे ‘नेक्स्ट पेशंट’ म्हणणारा. यातले निम्मे आवाज आपण ऐकतो, निम्मे नुसते कानावरून जातात.

आणि खरी मेख इथेच आहे. बॅकग्राऊंड म्युझिक म्हणजे असं गाणं, जे वाजतंय हे जाणवलं पाहिजे, पण लक्ष वेधून घेता कामा नये. पेजिंग, म्हणजे माईकवरून पुकारणं, याचं नेमकं उलटं आहे. ते लक्ष वेधून घेण्यासाठीच असतं आणि त्यातला शब्द न् शब्द कळला पाहिजे. ही दोन्ही परस्परविरोधी कामं त्याच तारांवरून आणि त्याच स्पीकरमधून करून घ्यायची असतात. हे भांडण सोडवतो तो मिक्सर.

चपटा डबा, मोठं काम

मिक्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डीजेसमोरचा पसरट, शंभर बटणांचा बोर्ड येतो. कॅफे-क्लिनिकवाल्याला तो नकोच असतो. त्याला हवा असतो रॅकमध्ये बसणारा मिक्सर. पुढून पाहिलं तर हा डीव्हीडी प्लेअरसारखाच दिसतो. पट्टीवर सात-आठ नॉब, दोन-चार दिवे. मागे माईकची भोकं, लॅपटॉप किंवा म्युझिक प्लेअर जोडायची भोकं आणि आवाज बाहेर पडायच्या वाटा.

‘रॅक’ हा जगभर एकाच मापाचा सांगाडा. पुढची पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. कंपनी कुठलीही असो, अहुजा, बॉश, टोआ किंवा यामाहा, रॅकचं माप तेच. त्यामुळे आज घेतलेला मिक्सर पाच वर्षांनी बदलला तरी सांगाडा तोच चालतो. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून लाकडी रॅक करून घेणार असाल तर सुताराला दोनच गोष्टी सांगा. पुढच्या दोन पट्ट्यांच्या आतलं अंतर ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि मागची बाजू उघडी हवी. बाकी शोभेचं काम तो करेलच!

या डब्याची तीन कामं. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारे आवाज एकत्र करणं, कुठला आवाज कुठल्या खोलीत जाणार ते ठरवणं (याला ‘झोन’ म्हणतात), आणि माईक सुरू झाला की गाण्याला गप्प बसवणं. हे तिसरं काम ज्याला नीट जमतं तो मिक्सर चांगला. बाकी सगळी चकाकी.

लिफ्टमधल्या गाण्यांचा बाप

दुकानात गाणी लावायची आयडिया आपल्याला मॉलमुळे सुचली असं वाटत असेल, तर जरा मागे जा. अमेरिकन सैन्यातला जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर याने तारेवरून संगीत पोचवण्याचं तंत्र काढलं. १९३४ मध्ये त्याच्या कंपनीला नाव मिळालं ‘म्युझॅक’. म्युझिक आणि तेव्हाचा जोरदार ब्रँड कोडॅक यांची ही सरमिसळ. पुढे म्युझॅकने ऑफिस आणि कारखान्यांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे बनवले. प्रत्येक तुकड्यात गाण्यांचा जोश हळूहळू वाढत जायचा, म्हणजे काम करणाऱ्याची पेंग उडावी! २०११ मध्ये मूड मीडियाने म्युझॅक विकत घेतली आणि २०१३ मध्ये ते नावच निवृत्त केलं. पण ‘लिफ्टमधलं संगीत’ हा टोमणा मात्र जगात राहिला.

या गाण्यांनी धंदा खरंच वाढतो का? १९८२ मध्ये रोनाल्ड मिलिमन या मार्केटिंगच्या प्राध्यापकाने एका सुपरमार्केटमध्ये प्रयोग केला. संथ लयीचं संगीत लावलं तेव्हा गिऱ्हाईक दुकानात हळू चालू लागलं आणि द्रुत लयीच्या दिवसांपेक्षा विक्री ३८.२ टक्क्यांनी जास्त झाली. १९८६ मध्ये त्यानेच रेस्टॉरंटमध्ये तसाच प्रयोग केला. संथ संगीत असताना लोक टेबलावर जास्त वेळ बसले आणि ड्रिंक्सवर जास्त खर्च केला. यातून कॅफेवाल्यांनी घ्यायचा धडा सरळ आहे. दुपारी रिकाम्या वेळेत संथ गाणी लावा, रविवारी बाहेर रांग लागली असेल तेव्हा लय वाढवा. टेबल लवकर सुटतात.

पण आवाज मोठा केला की हे सगळं गणित कोलमडतं. समोरासमोर बसून दोन माणसं बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. गाणं त्याच्या वर गेलं की माणसं ओरडून बोलतात, मग शेजारचं टेबल ओरडतं, मग काऊंटरवरचा मुलगा गाणं आणखी मोठं करतो. तासाभरात मासळीबाजार!

सात की साठ?

आता पेजिंगकडे वळू. कारण गाणं बिघडलं तर फार तर मूड जातो. पेजिंग बिघडलं तर काय काय जाऊ शकतं याची यादी बरीच लांब आहे.

बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण अर्थ व्यंजनांत असतो. स्वर जाड, जड, दूरवर जाणारे. व्यंजनं मात्र पातळ, क्षणभराची आणि उंच पट्टीची, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपासची. स्पीकर घुमणारा असला, हॉलमध्ये टाइल्स आणि काच असली, की सगळ्यात आधी मरतात ती व्यंजनं. उरतो तो नुसता ‘आऽओऽआऽ’.

मराठीत तर हा प्रॉब्लेम जास्तच. क्लिनिकमध्ये ‘नंबर सात’ म्हटलं की साठ नंबरवाला उठतो. ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत फरक एका व्यंजनाचा. ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ यांच्यामध्ये फक्त एक ‘ती’. म्हणूनच आकडा पुकारताना तो दोनदा सांगायचा आणि दुसऱ्यांदा सुटा करून सांगायचा. ‘नंबर साठ, सहा शून्य.’ एक पैसा खर्च नाही, पण अर्धा गोंधळ कमी होतो.

हा फरक किती महाग पडू शकतो हे मुंबईने पाहिलंय. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जणांचा जीव गेला. पाऊस आणि अरुंद जिन्यावरची गर्दी ही कारणं चौकशीत पुढे आली. पण एका जखमी मुलीने सांगितलेली हकीकतही तेव्हा छापून आली होती. कुणाची तरी फुलं खाली पडली, कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि गर्दीने ऐकलं ‘पूल गिर गया’. ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात असतो तो फक्त हवेचा एक फुत्कार. अशा वेळी गर्दीच्या डोक्यावरून एखादा स्वच्छ, शांत, अधिकाराचा आवाज आला तर माणसं थबकतात. पेजिंगचं खरं काम हेच आहे.

आपल्याच पट्ट्यातलं उदाहरण घ्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. साधारण एक हजार पन्नास प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं गेलं. त्या दिवशी रेल्वेने प्रवाशांना केलेलं आवाहन एका ओळीचं होतं, गाडीतून उतरू नका. संकटात माणसाला भाषण नको असतं. एक ओळ हवी असते, आणि ती कळायला हवी असते.

रेल्वेला हे फार आधीपासून माहीत आहे. ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ हा आवाज ज्यांचा, त्या सरला चौधरी १९८२ मध्ये मध्य रेल्वेत उद्घोषक म्हणून लागल्या. त्यांचा ठरावीक वेग, ठरावीक विराम आठवून बघा. रोज माईक हातात घेणाऱ्या प्रत्येक रिसेप्शनिस्टने त्यावरून शिकावं. तरीही प्लॅटफॉर्मवर कधीकधी काहीच कळत नाही, ते का? अडीचशे मीटर लांब प्लॅटफॉर्म, वर पत्रा आणि ओळीने स्पीकर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे या टोकाच्या स्पीकरचा आवाज त्या टोकाला पोचायला पाऊण सेकंद लागतो. जवळच्या स्पीकरचं वाक्य संपता संपता लांबच्याचं सुरू होतं. उद्घोषक बिचारी स्पष्टच बोलत असते, तिचेच दहा प्रतिध्वनी तिच्या अंगावर येतात.

आधी छत बघा, मग डबा

नवीन जागा घेतलेला माणूस सगळ्यात आधी दुकानात जाऊन विचारतो, ‘चांगला मिक्सर कुठला?’ हा प्रश्न शेवटून पहिला आहे. आधी जागेचा नकाशा काढा. कुठे गाणं हवं, कुठे फक्त पुकारणं हवं, कुठे काहीच नको. बदलापुरातल्या एखाद्या टिपिकल क्लिनिकचं उदाहरण घ्या. वेटिंग रूममध्ये गाणं आणि नंबर दोन्ही, पॅसेजमध्ये फक्त नंबर, डॉक्टरच्या केबिनमध्ये शांतता. झाले दोन झोन. जिम असेल तर वर्कआउटचा हॉल वेगळा, चेंजिंग रूम वेगळी, रिसेप्शन वेगळं. हे कागदावर आलं की मिक्सरला किती झोन हवेत ते आपोआप कळतं. एखादा झोन आणि एखादं माईकचं भोक जास्त असलेलं मॉडेल घ्या. धंदा वाढतो, भोकं वाढत नाहीत.

मग स्पीकर. एक दणदणीत स्पीकर कोपऱ्यात टांगणं ही आपली जुनी खोड. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने पडतो. म्हणजे स्पीकरखालच्या टेबलाचे कान फुटतात आणि चार टेबलं सोडून बसलेल्याला काही ऐकू येत नाही. त्याऐवजी छतात छोटे स्पीकर जास्त लावायचे आणि सगळे हळू वाजवायचे. छत तीन मीटर उंच असेल आणि बसलेल्या माणसाचा कान सव्वा मीटरच्या आसपास असेल, तर नव्वद अंशांत आवाज पसरवणारा एक स्पीकर साधारण साडेतीन मीटरचं वर्तुळ सांभाळतो. नकाशावर कंपासने वर्तुळं काढा, स्पीकर किती लागतील ते समोर दिसेल.

शंभर व्होल्टचा फंडा

घरातल्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर आठ ओहमचे असतात. तिथे तार लहान असते, म्हणून चालून जातं. हॉलमध्ये तारा पन्नास-शंभर मीटर जातात. आठ ओहमच्या लाईनवर शंभर वॉट पाठवायचे तर साडेतीन अँपिअर करंट वाहतो आणि बराच आवाज तारेतच जिरतो. यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे ‘शंभर व्होल्ट लाईन’. अॅम्प्लिफायर व्होल्टेज चढवून पाठवतो, तेच शंभर वॉट मग फक्त एका अँपिअरमध्ये जातात. प्रत्येक स्पीकरमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्टेज परत उतरवतो. महापारेषणचे टॉवर जे शहरांसाठी करतात, तेच इथे छोट्या प्रमाणात.

याचा मोठा फायदा म्हणजे हिशेब पहिलीतल्या मुलालाही जमतो. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरला दोन-तीन ‘टॅप’ असतात, म्हणजे तो किती वॉट घेणार हे तारेची जागा बदलून ठरवता येतं. बारा स्पीकर, प्रत्येक सहा वॉटच्या टॅपवर, म्हणजे बहात्तर वॉट. अॅम्प्लिफायरच्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच लोड टाकायचा हा फिटर लोकांचा नियम. म्हणजे शंभर वॉटचा अॅम्प्लिफायर इथे आरामात चालेल. पण घरातला आठ ओहमचा जुना स्पीकर ‘असाच पडलाय, लावून टाकू’ म्हणून या लाईनवर जोडाल, तर धूर बघायची तयारी ठेवा. आणि शंभर व्होल्ट म्हणजे झटका बसेल एवढा दाब. लाईन चालू असताना तारांना हात नाही.

रॅकचा पत्ता

रॅक कुठे ठेवायचा हे बहुतेक वेळा उरलेल्या जागेवर ठरतं. जिन्याखाली, टॉयलेटच्या बाजूला, एसीच्या खाली! आपल्याकडे जूनपासून भिंती ओल धरतात. त्यामुळे बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, एसीच्या पाण्याच्या नळीखाली ठेवू नका आणि जमिनीपासून उचलून ठेवा. २६ जुलै २००५ ज्यांनी बदलापुरात पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रॅकमध्ये जड सामान खाली, म्हणजे यूपीएस आणि अॅम्प्लिफायर. मिक्सर मधे, उभं राहून हात पोचेल आणि डोळ्यांना दिसेल अशा उंचीवर. अॅम्प्लिफायर तापतो, म्हणून त्याच्या वर एक यू मोकळा सोडून जाळीची पट्टी लावा. वायरी सोडताना माईकच्या तारा आणि विजेच्या तारा एकाच पाइपमधून नेऊ नका. एकमेकींपासून फूटभर तरी लांब, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. दोन वर्षांनी वेगळाच फिटर येतो आणि तो आधीच्या फिटरला शिव्या घालत अख्खा दिवस तारा शोधण्यात घालवतो. त्या दिवसाचे पैसे तुम्ही भरता.

‘घूंऽऽ’ असा सतत आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा पाहुणा आहे. बहुतेक वेळा लॅपटॉप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असतो आणि अर्थिंगचं वेटोळं तयार होतं. सगळं एकाच बोर्डावर आणा, माईकला तीन पिनांची बॅलन्स्ड केबल वापरा, लॅपटॉपच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. पण प्लगची अर्थिंगची पिन तोडून आवाज घालवणारा ‘हुशार’ फिटर भेटला, तर त्याला नमस्कार करून परत पाठवा. तो आवाज घालवत नाही, तुमचं संरक्षण घालवतो.

आता नॉब फिरवा

चालू करायचा क्रम लक्षात ठेवा. आधी मिक्सर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना उलटं. नाहीतर स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि प्रत्येक धप्प स्पीकरचं आयुष्य कमी करतो.

माईकचा नॉब असा लावायचा. माईकवर रोज जो बोलणार आहे त्यालाच उभं करा. ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ नको. उद्या जे बोलायचंय तेच बोलू द्या. त्याच्या मोठ्यात मोठ्या आवाजाला लाल दिवा जेमतेम लुकलुकेल इतका ‘गेन’ वाढवा, मग जरासा मागे घ्या. ‘लो कट’चं बटण असेल तर माईकवर ते दाबून ठेवा. खालची घरघर जाते आणि व्यंजनं मोकळा श्वास घेतात. आवाज कळत नसेल तर बेस कमी करायचा, व्हॉल्यूम वाढवायचा नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

मग ‘प्रायॉरिटी’. माईकचं बटण दाबलं की गाणं झटकन खाली गेलं पाहिजे आणि बोलणं संपल्यावर दोन-तीन सेकंदांत सावकाश वर आलं पाहिजे. लगेच उसळलं तर दचकायला होतं. पुकारण्याचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा दहा-एक डेसिबल वर असावा. आधी एक ‘टिंग-टाँग’ वाजवा, कान वळायला एक सेकंद द्या, मग बोला. शेवटी मिक्सरवर झाकण लावून कुलूप घाला. काऊंटरवरच्या प्रत्येक मुलाच्या मनात एक डीजे लपलेला असतो.

शेजारी, पोलीस आणि लायसन्स

इथपर्यंतचं सगळं तुमच्या भिंतीच्या आतलं. भिंतीबाहेर कायदा सुरू होतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमने आपल्या हद्दीवर ही मर्यादा पाच डेसिबलपेक्षा जास्त ओलांडायची नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बँक्वेट हॉल, सभागृह अशा बंद जागांमध्ये आतल्या आत बोलण्यासाठी आणि सार्वजनिक आणीबाणीत मात्र सूट आहे. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. खाली दुकान, वर फ्लॅट. उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या गल्ल्यांत तर समोरच्या खिडकीत चहाचा कप देता येईल इतकं अंतर. दरवाज्याबाहेर तोंड केलेला एक स्पीकर पुरतो शेजाऱ्यांशी कायमचं वैर घ्यायला.

आणि गाणी? मोबाइलमधलं स्ट्रीमिंग अॅप जोडलं की काम झालं असं वाटतं. पण ही अॅप्स वैयक्तिक वापरासाठी असतात, धंद्याच्या जागेसाठी नाही. दुकानात, हॉटेलात रेकॉर्डेड गाणी वाजवणं हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या भाषेत सार्वजनिक वादन. पीपीएल, आयपीआरएस ही नावं तिथूनच कानावर येतात. लायसन्स द्यायचा हक्क नक्की कुणाचा यावरून कोर्टकज्जेही झालेत. २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत हा विषय गेला. त्यामुळे पैसे भरण्याआधी माहीतगार वकिलाला विचारा, पण ‘कोण बघतंय’ म्हणून सोडून देऊ नका. हक्क स्वतःकडे असलेलं म्युझिक किंवा धंद्यासाठीची वेगळी सेवा हाही मार्ग आहे.

एमआयडीसीत मामला सीरियस

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत हाच डबा वेगळ्या भूमिकेत असतो. एकेकाळी कारखान्याचा भोंगा हेच पेजिंग होतं. पण भोंग्याला एकच शब्द येतो. ‘काहीतरी झालंय’ इतकंच तो सांगतो. कुठे झालंय, कुठल्या गेटने बाहेर पडायचं, वारा कुठल्या दिशेला आहे हे माणसाच्या आवाजालाच सांगता येतं. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला झालेले स्फोट या पट्ट्यातला कुणी विसरलेलं नाही. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांप्रमाणे आणीबाणीचा आराखडा ठेवावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावी लागते.

अशा जागी मिक्सर निवडताना गाण्याचा विचार शेवटी. आधी बघायचं ते हे. फायर अलार्म वाजला की गाणं आपोआप बंद होतं का? वीज गेली तर यूपीएसवर किती वेळ चालतो? ज्वलनशील वाफा असलेल्या भागात फ्लेमप्रूफ स्पीकर आहेत का? जिथे मशीनचाच आवाज ९० डेसिबल आहे आणि कामगारांच्या कानांवर मफ आहेत, तिथे स्पीकरच्या जोडीला फिरता दिवा आहे का? आणि संदेश मराठी-हिंदी दोन्हीत आधीच रेकॉर्ड केलाय का? घाबरलेल्या माणसाच्या हातात माईक दिला की तो ओरडतो, आणि ओरडण्यात पहिली जातात ती व्यंजनंच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी

• गाणं लावून सगळीकडे फिरा. कुठे खूप मोठं, कुठे गायब, ते कागदावर लिहा. स्पीकरचे टॅप बदला, व्हॉल्यूम नाही.

• मित्राला दाराबाहेर, शेजाऱ्याच्या दारात आणि वरच्या मजल्यावर उभं करा. त्याला शब्द ऐकू आले तर तुमचा आवाज जास्त आहे.

• माईकवरून दहा आकडे वाचायला लावा. सहा, दहा, सात, साठ, एकोणीस, एकोणतीस हवेतच. लांबच्या कोपऱ्यात बसलेल्याने ते लिहून घ्यायचे. दहातले नऊ तरी बरोबर यायला हवेत.

• मेन स्विच बंद करा. माईक चालू राहतो का ते बघा.

• नॉबची जागा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुणीतरी फिरवणारच आहे.

• जागा भरल्यावर पुन्हा ऐका. रिकामा हॉल घुमतो, माणसं आवाज शोषतात. पहिल्या रविवारी नॉब परत लावावे लागतील.

अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. तिथल्या महाशिवरात्रीच्या जत्रेत किंवा कुठल्याही जत्रेत जा. भजनं, पाळणे, पिपाण्या यांच्या कल्लोळातून मधेच एक अनाउन्समेंट येते. लाल फ्रॉक घातलेली चार वर्षांची मुलगी सापडली आहे, आईवडिलांनी मंडपाजवळ यावं. त्या सेकंदाला गर्दीतल्या एका बाईसाठी बाकी सगळे आवाज बंद होतात. तिला ‘लाल फ्रॉक’ हे दोन शब्द नीट ऐकू आले पाहिजेत, बस. आवाज कुणाचा, याचं उत्तर तिथे मिळतं. आवाज बोलणाऱ्याचा नसतो, ज्याला तो ऐकायचाय त्याचा असतो. डबा घेताना एवढं लक्षात ठेवलंत, तर पैसे वसूल.